विश्लेषण : मेंदूविकार ओळखण्याची रीत घालून देणारे डॉ. शार्को कोण होते? त्यांचे संशोधन कुठे टिकले आणि कुठे फसले?

हात थरथरतो म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे गेलात, तर डॉक्टर लगेच एमआरआयची चिठ्ठी लिहीत नाहीत. आधी हात मांडीवर सैल ठेवायला सांगतात. मग एखादी वस्तू उचलायला लावतात. चार पावले चालायला सांगतात, बोलते करतात. थरथर नेमकी कधी होते, हात स्वस्थ असताना की काम करताना, एवढ्यावरून त्यांचा निम्मा अंदाज बांधून होतो. हा फरक वैद्यकशास्त्राला ठसठशीतपणे दाखवून दिला तो ज्याँ मार्टिन शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी. मल्टिपल स्क्लेरोसिस, एएलएस, पार्किन्सन्स, टुरेट सिंड्रोम या आजारांच्या इतिहासात त्यांचे नाव येतेच. पण याच शार्कोंनी आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षे ज्या संशोधनाला दिली, ते त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच कोसळले. असे का झाले?

गाड्या बनवणाऱ्याचा मुलगा…

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर. घरची परिस्थिती खाऊनपिऊन सुखी, पण डॉक्टरकीची परंपरा नाही. मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता आणि ही आवड त्यांनी शेवटपर्यंत जपली. रुग्णाची बसण्याची ढब, वाकडी झालेली बोटे, चेहऱ्यावरचा भाव ते कागदावर पटकन उतरवत. त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहिले, तर चित्रकाराची नजर आणि डॉक्टरचे डोके यांची ही जोडी किती कामी आली ते कळते.

१८५३ मध्ये त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय होता गाउट आणि जुनाट संधिवात यांतला फरक. दोन्हींत सांधे सुजतात, दुखतात, त्यामुळे दोन्ही एकाच पोत्यात भरले जात. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या करणे, हे शार्को यांच्या सगळ्या संशोधनाचे सूत्र इथूनच सुरू होते.

साल्पेत्रिएर म्हणजे काय?

प्रिन्सेस डायना यांना १९९७ मध्ये अपघातानंतर ज्या रुग्णालयात नेले, त्याचाच हा जुना भाग. नाव आले ते सोऱ्यावरून, म्हणजे तोफेची दारू बनवायला लागणाऱ्या क्षारावरून. कारण मुळात इथे दारूगोळ्याचा कारखाना होता. चौदाव्या लुईच्या काळात, १६५६ मध्ये, त्याचे रूपांतर गरीब, निराधार बायकांना ठेवण्याच्या जागेत झाले. शार्को १८६२ मध्ये इथे प्रमुख डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा आत सुमारे पाच हजार बायका होत्या. म्हाताऱ्या, अपंग, आकडी येणाऱ्या, वेड्या ठरवलेल्या आणि ज्यांना नेमके काय झाले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते अशाही.

महत्त्वाकांक्षी डॉक्टर अशा ठिकाणी फार काळ थांबत नसत. इथे नावाजलेल्या शस्त्रक्रिया नव्हत्या, बरे होऊन घरी जाणारे रुग्णही जवळपास नव्हते. शार्को यांनी मात्र नेमके उलटे पाहिले. इथले रुग्ण वर्षानुवर्षे इथेच राहतात आणि बहुतेक इथेच मरतात, म्हणजे एकाच माणसाचा आजार सुरुवातीपासून अखेरपर्यंत पाहता येईल. इतर रुग्णालयांना हे शक्य नव्हते. सहकारी आल्फ्रेड वुल्पियाँ यांच्या सोबतीने त्यांनी वॉर्डामागून वॉर्ड पालथा घातला. प्रत्येक बाईची तपासणी करून नोंद ठेवायला सुरुवात केली.

त्यांची पद्धत नेमकी काय होती?

पद्धत तीन पायऱ्यांची होती. पहिली पायरी, रुग्ण जिवंत असताना लक्षणे बारकाईने टिपायची. कोणता स्नायू आधी कमजोर झाला, स्पर्श कळतो का, थरथर कधी वाढते, हे सारे आणि तेही वारंवार. दुसरी पायरी, रुग्णाच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन करून मेंदू आणि मज्जारज्जूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. तिसरी पायरी, दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या. ज्या लक्षणासोबत मज्जारज्जूचा ठरावीक भाग प्रत्येक वेळी बिघडलेला दिसतो, त्या भागाचे ते काम असणार.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर बंद पडलेल्या मशीनचा संपूर्ण लॉग हातात आहे आणि शेवटी मशीन उघडून पाहायचीही मुभा आहे. यात सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे दुसरी पायरी. डॉक्टरांनी वॉर्डात कितीही ठामपणे निदान केलेले असो, सूक्ष्मदर्शकाखालचा काप त्यांना चूक ठरवू शकत होता. एमआरआय, सीटी स्कॅन सोडाच, क्ष-किरणही माहीत नसलेल्या त्या काळात ही एकच कसोटी होती आणि ती कोणाचीही भीड बाळगत नव्हती.

एका थरथरीचे दोन आजार कसे झाले?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये थरथरणाऱ्या रुग्णांवर एक पुस्तिका लिहिली होती. त्यात फक्त सहा रुग्णांचे वर्णन होते आणि त्यातले काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले होते. पुढची अनेक वर्षे या कामाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. साल्पेत्रिएरमध्ये थरथरणाऱ्या बायका बऱ्याच होत्या आणि त्या सगळ्यांना एकच आजार आहे, असा समज होता.

शार्को यांनी त्यांचे दोन गट पाडले. एका गटात हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो आणि काहीतरी उचलायला गेले की थरथर कमी होते. दुसऱ्या गटात हात स्वस्थ असताना शांत असतो, पण पाण्याचा पेला तोंडाशी नेताना थरथर वाढत जाते आणि पाणी सांडते. दुसऱ्या गटातल्या रुग्णांचे बोलणे तुटक होते, बुबुळे आपोआप हलत. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत जागोजागी कडक झालेले चट्टे सापडले. असे चट्टे आधीच्या काही डॉक्टरांनीही पाहून त्यांची चित्रे काढली होती, पण चट्टे आणि लक्षणे यांची सांगड घालून हा एक स्वतंत्र आजार आहे, असे १८६८ मध्ये स्पष्टपणे मांडले ते शार्को यांनी. हाच आजचा मल्टिपल स्क्लेरोसिस.

पहिल्या गटाबद्दल त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट दाखवली. या रुग्णांत अशक्तपणा मुख्य नाही. ताकद असते, पण हालचाल मंदावते आणि अंग ताठरते. काहींना तर थरथर नसतेही. त्यामुळे 'थरथरीचा लकवा' हे जुने नाव चुकीचे आहे, असे सांगून त्यांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव देण्याचा आग्रह धरला. आपण ज्याला कंपवात म्हणतो, त्याचे जगभर रूढ झालेले नाव अशा रीतीने एका फ्रेंच डॉक्टरने ब्रिटिश डॉक्टरच्या सन्मानार्थ दिलेले आहे.

एएलएसचा शोध…

मग आला तो त्यांच्या पद्धतीचा सर्वात लखलखीत नमुना. काही रुग्णांचे हातपाय ताठर होत आणि त्याच वेळी स्नायू वाळतही जात. ताठरपणा आणि वाळणे या दोन गोष्टी एकत्र का? शवविच्छेदनात उत्तर मिळाले. मेंदूकडून आज्ञा खाली आणणारा मज्जारज्जूच्या बाजूचा पट्टा बिघडला की अंग ताठरते. त्या आज्ञा पुढे स्नायूंपर्यंत पोहोचवणाऱ्या, मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या पेशी मेल्या की स्नायू वाळतो. या रुग्णांमध्ये दोन्ही बिघडले होते. स्पर्श आणि वेदना मात्र शाबूत. १८६९ पासून त्यांनी हे काम मांडायला सुरुवात केली आणि १८७४ मध्ये आजाराला अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस हे नाव दिले. एएलएस ते हेच. फ्रान्समध्ये आजही याला शार्कोचा आजार म्हणतात. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे तो आपल्याकडेही अनेकांना माहीत झाला.

संशोधन फक्त मेंदूपुरते होते का?

नाही. मेंदूविकारतज्ज्ञ ही वेगळी शाखा तेव्हा नव्हतीच आणि शार्को स्वतःला एका अवयवाचे डॉक्टर मानत नव्हते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्यांचे नाव वेगवेगळ्या विषयांत भेटते ते यामुळेच.

- सर्जरी : थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटात उजवीकडे वरच्या भागात दुखणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली की पित्तनलिकेत संसर्ग झाल्याची शंका घेतात. याला 'शार्कोज ट्रायड' म्हणतात.
- छातीचे विकार : दम्याच्या रुग्णांच्या थुंकीत सापडणाऱ्या टोकदार स्फटिकांना शार्को-लायडेन स्फटिक म्हणतात.
- वार्धक्य : म्हातारपणीच्या आजारांवरची त्यांची १८६७ मधली व्याख्याने हे या विषयावरचे सुरुवातीचे पद्धतशीर काम मानले जाते.
- आनुवंशिक आजार : पाय आणि हाताचे स्नायू हळूहळू वाळवणारा शार्को-मारी-टूथ आजार. शिष्य पिएर मारी यांच्यासह त्यांनी आणि इंग्लंडमध्ये हॉवर्ड टूथ यांनी १८८६ या एकाच वर्षी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले.
- हाडे आणि सांधे : संवेदना गेलेला सांधा रुग्णाच्या नकळत झिजून मोडतो, हे त्यांनी १८६८ मध्ये दाखवले. तेव्हा असे रुग्ण मुख्यतः मज्जारज्जूपर्यंत पोहोचलेल्या सिफिलिसचे असत. आज 'शार्को फूट'चे सर्वात मोठे कारण मधुमेह आहे.

मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या वाचकांसाठी यातली शेवटची ओळ महत्त्वाची. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहीचा पाय अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, पण त्या मानाने दुखत नसेल, तर दुखत नाही म्हणून घरी बसू नये. आत हाड मोडलेले असू शकते.

शिकवण्याची पद्धत इतकी का गाजली?

१८८२ मध्ये पॅरिसमध्ये खास शार्को यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या आजारांचे प्राध्यापकपद निर्माण झाले. या विषयाचे जगातले हे पहिलेच पद मानले जाते. तोवर साल्पेत्रिएरमध्ये सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा, फोटो स्टुडिओ, विजेचे उपचार करणारा विभाग असा सगळा पसारा उभा राहिला होता. शुक्रवारी तयारी करून दिलेले व्याख्यान असे. मंगळवारी मात्र आधी न पाहिलेले रुग्ण समोर आणले जात आणि शार्को सगळ्यांसमक्ष विचार करत निदानापर्यंत पोहोचत. थरथरीतला फरक मागच्या बाकावरूनही दिसावा, म्हणून रुग्णांच्या डोक्यावर लांब पिसे लावली जात. काचेवरच्या चित्रांचे मोठे प्रोजेक्शन होई.

हे पाहायला देशोदेशींचे डॉक्टर येत. पायाच्या तळव्यावर रेघ ओढून करायच्या तपासणीला ज्यांचे नाव मिळाले ते जोसेफ बाबिन्स्की त्यांचेच शिष्य. टुरेट सिंड्रोमचे वर्णन करणारे जिल द ला तुरेतही तिथलेच आणि आजाराला त्यांचे नाव दिले ते गुरूंनी. ऑक्टोबर १८८५ ते फेब्रुवारी १८८६ या काळात व्हिएन्नाहून आलेला एक तरुण डॉक्टरही त्या बाकांवर होता. त्याने शार्को यांच्या व्याख्यानांचे जर्मन भाषांतर केले, पुढे थोरल्या मुलाचे नाव ज्याँ मार्टिन ठेवले. त्याचे नाव सिग्मंड फ्रॉईड.

मग हिस्टेरियात काय बिनसले?

१८७० च्या सुमारास रुग्णालयातल्या जागांची फेररचना झाली. आकडीच्या रुग्ण आणि हिस्टेरियाच्या रुग्ण एका विभागात आल्या आणि तो विभाग शार्को यांच्याकडे गेला. हिस्टेरिया म्हणजे हातपाय लुळे पडणे, शुद्ध हरपणे, अंग धनुष्यासारखे वाकणे, पण शरीरात काहीच बिघाड न सापडणे. तोवर डॉक्टर अशा बायकांना नाटकी म्हणून हाकलत किंवा गर्भाशयाला दोष देत.

इथे शार्को यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. हा त्रास खरा आहे, ढोंग नाही, असे ते म्हणाले. तो पुरुषांनाही होतो हे त्यांनी दाखवले. रेल्वे अपघातानंतर अंगावर खूण नसताना लुळे पडलेले धडधाकट कामगार त्यांनी वर्गासमोर उभे केले.

पण जुनीच पद्धत ते इथेही लावत गेले. हिस्टेरियाच्या झटक्याचे चार ठरावीक टप्पे असतात, संमोहनाच्या तीन ठरावीक अवस्था असतात आणि संमोहन फक्त हिस्टेरियाच्या रुग्णालाच होते, असे नियम त्यांनी मांडले. अडचण अशी, की पद्धतीची पहिली पायरी इथे होती, दुसरी नव्हतीच. शवविच्छेदनात काही सापडत नव्हते, त्यामुळे त्यांना चूक ठरवणारा सूक्ष्मदर्शकही उरला नव्हता. त्या बायका आकडीच्या रुग्णांसोबत राहत, आकडी कशी येते हे रोज पाहत. डॉक्टरांना काय पाहायचे आहे, हेही त्यांना कळत होते. ज्यांचा झटका पुस्तकाबरहुकूम येई, त्यांच्याकडे लक्ष दिले जाई, त्यांचे फोटो निघत, त्यांना व्याख्यानात आणले जाई.

नान्सी शहरातले डॉक्टर इपोलित बेर्नहाइम यांनी नेमके यावर बोट ठेवले. संमोहन कोणालाही होऊ शकते आणि साल्पेत्रिएरमध्ये दिसणाऱ्या अवस्था म्हणजे डॉक्टरांनी नकळत केलेल्या सूचनांचा परिणाम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वाद अनेक वर्षे चालला. काळाने कौल बेर्नहाइम यांच्या बाजूने दिला.

त्या रुग्ण बायकांचे काय झाले?

आंद्रे ब्रुईए यांचे १८८७ मधले एक मोठे चित्र प्रसिद्ध आहे. शार्को व्याख्यान देत आहेत, समोर पुरुषांची दाटी आहे आणि बेशुद्ध होत मागे झुकलेल्या एका तरुणीला बाबिन्स्की यांनी सावरले आहे. ती तरुणी म्हणजे ब्लांश विटमन. शार्को गेल्यानंतर तिचे झटके थांबले, असे सांगितले जाते. ती त्याच रुग्णालयात राहिली, क्ष-किरण विभागात काम करू लागली. किरणांचे धोके तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. त्यांच्या इजेमुळे तिचे अवयव कापावे लागले.

दुसरी ऑगस्टिन. १८७५ मध्ये ती आत आली तेव्हा १४ वर्षांची होती. रुग्णालयाच्या छायाचित्रसंग्रहातले सर्वात गाजलेले चेहरे तिचे आहेत. आत येण्यापूर्वी तिच्यावर बलात्कार झाला होता. तिच्या नोंदीत हे लिहिलेले आहे, झटक्यात ती काय बोलत असे तेही लिहिलेले आहे. पण चार टप्प्यांच्या नियमात या माहितीला जागा नव्हती. १८८० मध्ये ती पुरुषाचे कपडे घालून रुग्णालयातून पळून गेली.

फोटो काढायला, सभागृहात उभे राहायला या बायकांची परवानगी लागते, असे तेव्हा कोणाला वाटत नव्हते. एएलएसचा शोध आणि ऑगस्टिनचे फोटो एकाच रुग्णालयातून, एकाच डॉक्टरच्या विभागातून आले आहेत. रुग्णांना जाण्यासाठी दुसरी जागा नव्हती, हाच दोन्हींचा पाया होता. आज रुग्णावर कोणतेही संशोधन करायचे तर नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते. फॉर्मवरच्या त्या सहीमागे अशा अनेक ऑगस्टिन आहेत.

शार्को यांना चूक कळली होती का?

त्यांचे सचिव जॉर्ज ग्विनों यांनी पुढे लिहून ठेवले, की शेवटच्या दिवसांत हिस्टेरियावरचे काम पुन्हा मुळापासून तपासायला हवे, असे शार्को यांना वाटू लागले होते. ते करायला वेळ मिळाला नाही. १६ ऑगस्ट १८९३ रोजी, सहलीवर असताना, मध्य फ्रान्समधल्या सेतों तलावाजवळ त्यांचे निधन झाले. वय ६७. हृदयविकार आणि फुप्फुसात पाणी होणे हे कारण ठरले. पुढे बाबिन्स्की यांनीच गुरूंचा हिस्टेरियाचा सिद्धांत बाजूला सारला. तळव्यावरच्या रेघेची तपासणी त्यांनी १८९६ मध्ये मांडली आणि मज्जारज्जूतला बिघाड आणि हिस्टेरियाचा लकवा यांत फरक करायला ती उपयोगी पडली. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या करणे, हे त्यांना कोणी शिकवले होते, ते वेगळे सांगायला नको.

रुग्णालयाच्या दारात उभारलेला शार्को यांचा ब्राँझचा पुतळा दुसऱ्या महायुद्धात, जर्मन ताब्याच्या काळात वितळवला गेला. त्यांचा ग्रंथसंग्रह मात्र साल्पेत्रिएरमध्ये जपलेला आहे.

आज त्यांच्या कामातले काय उरले आहे?

मृत्यूनंतर मेंदू तपासून निदान पडताळण्याची पद्धत उरली आहे. पार्किन्सन्स आणि अल्झायमर्सच्या निदानावर आजही शेवटचे शिक्कामोर्तब असेच होते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत दान केलेल्या मेंदूंची पेढी आहे ती याच कामासाठी. ज्याला हिस्टेरिया म्हणत, त्यातला मोठा भाग आता फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणून ओळखला जातो. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून नाही, तर तपासणीत दिसणाऱ्या ठोस खुणांवरून त्याचे निदान होते. त्रास खरा आहे, हे शार्को यांचे म्हणणे टिकले. त्यांचे चार टप्पे गेले.

त्यांची एक गमतीशीर कल्पना तर आपल्या काळात तपासली गेली. लांबच्या रेल्वे किंवा घोडागाडीच्या प्रवासानंतर पार्किन्सन्सच्या रुग्णांना बरे वाटते, हे ऐकून त्यांनी हादरे देणारी खुर्ची बनवून घेतली होती. २०१२ मध्ये शिकागोतल्या संशोधकांनी तिची आधुनिक आवृत्ती वापरून पाहिली. मात्र त्यांनी एक गोष्ट जास्तीची केली. काही रुग्णांना हादरे दिले, काहींना त्याच खुर्चीत हादऱ्यांशिवाय बसवले. बरे दोन्ही गटांना वाटले. म्हणजे गुण हादऱ्यांचा नव्हता.

तो दुसरा गट, म्हणजे डॉक्टरांच्या खात्रीला नाही म्हणू शकणारी व्यवस्था. सूक्ष्मदर्शकाने शार्को यांच्यासाठी हे काम केले, तोवर त्यांनी काढलेले निष्कर्ष आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. हिस्टेरियाच्या वॉर्डात त्यांना नाही म्हणणारे कोणी नव्हते. ऑगस्टिन म्हणाली असती, पण तिला कोणी विचारले नाही.